पंचाहत्तर रुपयांचा प्राध्यापक: १८८५ सालचं कॉलेज कसं उभारायचं आणि कसं चालवायचं

आमच्या संस्थेच्या सभेत पैशांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "टिळक-आगरकरांच्या वेळी त्याग होता, आता तो कुठे राहिला?" मी एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात हिशेब विभागात आयुष्य काढलं, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्या माणसांच्या त्यागाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. पण नुसत्या त्यागावर एक तारखेचे पगार होत नाहीत, हेही मला पक्कं ठाऊक आहे. फर्ग्युसन कॉलेज टिकलं, कारण त्या तरुणांनी त्यागाचा आकडा ठरवला, त्याची मुदत ठरवली आणि दोन्ही नियमांत लिहून काढलं. ते कसं केलं ते क्रमाने सांगते. समजा साल १८८४ आहे, गाव पुणे, राज्य इंग्रजांचं, आणि तुम्हाला कॉलेज काढायचं आहे.

कॉलेजाच्या आधी शाळा काढा. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. आपटे आणि आगरकर पाठोपाठ आले. डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली २४ ऑक्टोबर १८८४ ला आणि कॉलेज उघडलं २ जानेवारी १८८५ ला. मधली पाच वर्षं शाळेने त्यांना तीन गोष्टी दिल्या: फीचं नियमित उत्पन्न, मॅट्रिक होऊन वर येणारी स्वतःची मुलं, आणि ही माणसं वर्ग चालवू शकतात असा लोकांचा विश्वास. १८८२ च्या हंटर कमिशनने, म्हणजे इंग्रज सरकारनेच नेमलेल्या शिक्षण आयोगाने, सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू बाजूला व्हावं आणि खासगी प्रयत्नांना अनुदान द्यावं, असं सुचवलं होतं. ती दिशा ओळखून कॉलेज काढायला पुढे येण्याइतकी तयारी शाळेमुळेच होती.

जागेचा मात्र हट्ट धरू नका. फर्ग्युसनचे पहिले वर्ग गद्रे वाड्यात भरले. चतुःशृंगीच्या वाटेवरची आजची दगडी इमारत वापरात आली १८९५ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. आधी इमारत आणि मग प्राध्यापक शोधणाऱ्या संस्था मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांचा पहिल्या पाच वर्षांचा सगळा जीव कर्जाच्या हप्त्यात जातो.

आता खरा मुद्दा, पगार. कॉलेजचा सर्वांत मोठा आणि कधीही न थांबणारा खर्च हाच. सरकारी शिक्षणखात्यात विलायतेहून आलेल्या प्राध्यापकाची सुरुवात महिना ५०० रुपयांवर होत असे, म्हणजे वर्षाला ६,०००. सोसायटीच्या आजीव सदस्याचा, म्हणजे दीर्घ सेवेची शपथ घेतलेल्या शिक्षकाचा, पगार स्थिरावला तो महिना ७५ रुपयांवर, म्हणजे वर्षाला ९००. आता वहीत मांडून बघा: असे सहा आजीव सदस्य वर्षभर शिकवतील तर ५,४०० रुपये लागतील. एका गोऱ्या प्राध्यापकाच्या पगारात सहा एतद्देशीय पदवीधर बसतात आणि वर ६०० उरतात. त्या ६०० त दप्तरदार, शिपाई आणि थोडी पुस्तकं. फर्ग्युसनच्या सगळ्या अर्थकारणाचा पाया हाच एक हिशेब आहे. तो समजला की बाकीचं सोपं जातं.

पण ७५ रुपयांत माणूस येईल, तो टिकेल कसा? त्यासाठी मुदत बांधून घ्या. आजीव सदस्याने वीस वर्षं सेवेची शपथ घ्यायची. वीस वर्षं हा आकडा मला फार शहाणपणाचा वाटतो. 'जन्मभर' म्हटलं तर घरची माणसं घाबरतात, 'जमेल तितकं' म्हटलं तर दुसऱ्या वर्षी मुनसफीची, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाची, जागा खुणावते. वीस वर्षांत एक पिढी शिकून बाहेर पडते, आणि शपथ घेणाऱ्यालाही उत्तरायुष्य शिल्लक राहतं. गोपाळ कृष्ण गोखले १८८६ मध्ये आजीव सदस्य झाले, १९०२ मध्ये निवृत्त झाले, आणि त्यानंतरचं त्यांचं काम सगळ्यांना माहीत आहे.

माणसं थोडी असतील तेव्हा विषयांचा कोतेपणा चालत नाही. गोखल्यांनी गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, मग इतिहास आणि अर्थशास्त्रही. शाळेतले तास वेगळेच. वेळापत्रक लावताना पहिला प्रश्न हा असू द्या, की अमुक आजारी पडला तर त्याचा तास कोण घेईल?

यापुढचा नियम लिहिताना कंटाळा करू नका, कारण संस्था इथेच फुटते. सदस्याने बाहेर मिळवलेल्या पैशाचं काय? पुस्तकाचं मानधन, वर्तमानपत्राचं काम, पुण्याच्या 'सार्वजनिक सभा' या राजकीय संस्थेचं चिटणीसपद, हे चालेल का? चालेल तर किती? टिळकांचं म्हणणं होतं की शपथ घेतली म्हणजे सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची, पगार सर्वांना सारखा, बाहेरची मिळकत नको. इतरांना वाटत होतं की ७५ रुपयांत संसार भागत नाही, तेव्हा फावल्या वेळात माणसाने काय करावं ते त्याच्यावर सोडावं. दोन्ही बाजू मला पटतात. दोन्ही प्रामाणिक होत्या. पण सुरुवातीला हे स्पष्ट ठरलं नाही, आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतल्यावर वाद टोकाला जाऊन १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. गणिताचा असा शिक्षक गेला की वर्गावर काय बेतत असेल! पुढच्या वर्षी त्यांच्या जागी धोंडो केशव कर्वे आले म्हणून निभावलं. तेव्हा हा नियम पहिल्या सभेत करा, सगळे मित्र असताना. भांडण झाल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी विरुद्धच जातो.

वर्तमानपत्राचं खातं कॉलेजच्या खात्याजवळ फिरकू देऊ नका. 'केसरी'तल्या मजकुरावरून कोल्हापूरच्या कारभाऱ्यांनी खटला केला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. संपादक म्हणून ते त्यांना भूषण होतं. पण खटल्याचा खर्च आणि छापखान्याचं कर्ज मुलांच्या फीमधून जाता कामा नये.

विमा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण त्यागाच्या गोष्टी सांगताना हे कोणी सांगत नाही. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये गेले. दुसरे, गोपाळ गणेश आगरकर, १८९५ मध्ये. दोघेही पदावर असताना आणि दोघेही चाळिशीच्या आत. चिपळूणकर तर त्याआधीच, १८८२ मध्ये, बत्तिशीही न गाठता गेले होते. ७५ रुपयांत मागे काही शिल्लक टाकता येत नाही. म्हणून संस्थेने आजीव सदस्याचा विमा उतरवावा आणि हप्ता स्वतः भरावा. सोसायटीने ते केलं. हप्त्याची रक्कम अंदाजपत्रकात पगाराच्या ओळीखालीच धरा, 'इतर खर्चा'त टाकू नका. इतर खर्चात टाकलेली रक्कम तंगीच्या वर्षी सर्वांत आधी कापली जाते.

आता देणग्या. कॉलेजला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचं नाव दिलं आणि त्यांनी १,२०० रुपये दिले. त्या काळच्या ४ टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत हे पैसे गुंतवले तर वर्षाचं व्याज ४८ रुपये. एका आजीव सदस्याचा एका महिन्याचा पगारही त्यातून निघत नाही! मग नाव का द्यायचं? कारण संस्थानिक देणगी देण्यापूर्वी सरकारची मर्जी बघतात. राजे अल्पवयीन असतील, तर तिजोरीवर कारभारी मंडळाची आणि पोलिटिकल एजंटाची, म्हणजे संस्थानावरच्या इंग्रज अधिकाऱ्याची, नजर असते. शाहू महाराजांच्या हाती कोल्हापूरचा कारभार आला तो १८९४ मध्ये. तोवरची दहा वर्षं तिथे काही मागायचं तर वाट कुठून जात होती ते यावरून समजेल. गव्हर्नराचं नाव पाटीवर असलं की राजद्रोहाची शंका फिटते आणि दरवाजे उघडतात. पाटीवर नाव साहेबाचं आणि वर्गात शिकवणारे सगळे आपले, या व्यवस्थेत मला काहीही कमीपणा वाटत नाही.

दार उघडल्यावर आत जाणारा माणूस लागतो. महादेव बल्लाळ नामजोशी हे त्या कामाचे. संस्थानं फिरायची, दिवाणांना भेटायचं, सरकारदरबारी अर्ज करायचे. पुढे गोखले सुट्टी लागली की इमारत निधीसाठी बाहेर पडत. शिकवण्याच्या दिवसांत वर्गणीला जायचं नाही, हे पथ्य तुम्हीही पाळा.

वर्गणीची वही कशी ठेवायची ते सांगते. पानाचे चार रकाने आखा: नाव, कबूल रक्कम, जमा रक्कम, आणि पुन्हा कोण जाणार. चौथा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो आणि पैसे तिथेच अडकतात. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयासाठी भर सभेत माइकवर मोठमोठे आकडे पुकारले गेले होते, टाळ्याही झाल्या. नंतर मी प्रत्येक नावापुढे एकेका विश्वस्ताचं नाव पेन्सिलीने लिहिलं आणि दर सोमवारी ती वही त्यांच्यापुढे ठेवू लागले, तेव्हा कुठे पावत्या फाटू लागल्या. इमारतीचं कंत्राट देताना तिसऱ्या रकान्याची बेरीज बघायची. दुसऱ्याची बेरीज भाषणात सांगायला ठीक.

आणि देणगीतून पगार द्यायचा नाही. देणगी इमारतीला, प्रयोगशाळेला, किंवा कायम निधीला. पगार फीमधून, शाळेच्या शिलकीतून आणि निधीच्या व्याजातून. एका प्राध्यापकाचे वर्षाचे ९०० रुपये व्याजातून कायमचे सुटावेत असं वाटत असेल तर ४ टक्क्यांनी २२,५०० रुपये मुद्दल हवं. आणि त्यातही गाफील राहू नका. १८९४ च्या सुमारास सरकारने ४ टक्क्यांचे रोखे बदलून साडेतीन टक्क्यांचे केले. त्याच ९०० रुपयांसाठी आता सुमारे २५,७०० लागणार. म्हणजे तुम्ही काही चूक न करता निधीला भोक पडतं. म्हणून दरवर्षी व्याजाचा थोडा भाग मुद्दलात परत टाका.

देणगीदाराच्या अटी शब्दन् शब्द वाचा. मोठी देणगी संस्थेचं नाव बदलते. पुण्याचं न्यू पूना कॉलेज जमखंडीकर पटवर्धनांच्या देणगीनंतर सर परशुरामभाऊ कॉलेज झालं. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि १९२० मध्ये त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला लागलं. नाव देण्यात गैर काही नाही. पण काय शिकवायचं आणि कोणी शिकवायचं हे ठरवण्याचा हक्क देणगीपत्रात जाता कामा नये. कर्व्यांचं उदाहरण आणखी एका कारणाने लक्षात ठेवा: सरकारमान्य विद्यापीठाशी संलग्नता न घेता, मातृभाषेतून शिकवायचं त्यांनी ठरवलं. तो मार्ग धाडसाचा खरा, पण मग प्रत्येक रुपया लोकांकडूनच आणावा लागतो. वयाच्या सत्तरीनंतर ते युरोप, अमेरिका, आफ्रिकेपर्यंत फिरले ते यासाठी.

संलग्नता घ्यायची असेल तर मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तुम्हाला तशाच्या तशा स्वीकारायच्या आहेत. वर्ग एकदम सगळे उघडू नका, वर्षाला एक वाढवा. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर अटी कडक झाल्या: रीतसर नियामक मंडळ, पुरेसे पात्र शिक्षक, योग्य इमारत, ग्रंथालय, विज्ञान असेल तर प्रयोगशाळा, बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय, आणि कॉलेज पुढेही चालू राहील इतका पैसा. शेजारच्या कॉलेजला मारक ठरेल अशी फीची स्पर्धाही करता येत नाही. म्हणजे फी कमी करून मुलं खेचायची वाट बंद. त्याऐवजी पूर्ण फी सगळ्यांना एकच ठेवा आणि गरीब मुलांना नादारी, म्हणजे फीमाफी, द्या, पण नादारीच्या जागांची संख्या वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवा.

सरकारी अनुदान अर्ज करून जरूर घ्या. फक्त अंदाजपत्रक मांडताना ते शेवटच्या ओळीत लिहा आणि त्याच्याशिवायही पगार भागतात का ते पाहा. भागत नसतील तर एखाद्या प्राध्यापकाच्या भाषणावरून अनुदान अडेल, आणि मग त्या प्राध्यापकाला गप्प बसवायची वेळ तुमच्यावर येईल.

हाताशी सहा महिन्यांचे पगार रोख ठेवा. १८९७ मध्ये प्लेग आला आणि पुणं ओस पडलं. त्याच सुमारास दुष्काळ. अशा वेळी टर्मची फी येत नाही, वर्गणी मागायला तोंड होत नाही, पण प्राध्यापकाच्या घरची चूल तर पेटायलाच हवी.

शेवटचं काम सर्वांत आधी सुरू करायचं: पुढची माणसं हेरणं. वीस वर्षांच्या शपथा एकाच वेळी घेतलेल्या असतात, म्हणून माणसं एकदमच संपतात, त्यात मृत्यू आणि राजीनामे वेगळेच. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनचेच विद्यार्थी. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, सरकारी नोकरीत मागेल ते पद मिळालं असतं, आणि ते परत येऊन याच पंचाहत्तर रुपयांवर रुजू झाले. १९०२ पासून वीसहून अधिक वर्षं त्यांनी प्राचार्यपद सांभाळलं. असा मुलगा जाहिरात देऊन सापडत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गातच त्याच्यावर लक्ष ठेवा, त्याच्या शिष्यवृत्तीसाठी तुम्ही स्वतः खटपट करा, तो बाहेर गेला की त्याला पत्रं लिहीत राहा, आणि त्याच्या नावाने एका जागेचे वर्षाचे ९०० रुपये तो यायच्या आदल्या वर्षापासून अंदाजपत्रकात धरून ठेवा.