पिक घेताना आकडा नाही, कड बघा: गिटार-मेंडोलिनवाल्यांनो, या चुका टाळा

गिटार घ्यायची म्हटली की लोक महिना-महिना व्हिडिओ बघतात, तारा फॉस्फर ब्रॉन्झच्या घ्याव्यात की 80/20 ब्रॉन्झच्या यावर वाद घालतात आणि पिक, म्हणजे तारा छेडायचा तो छोटा चपटा तुकडा, मात्र दुकानातल्या काउंटरवरच्या बरणीत हात घालून जे लागेल ते उचलतात. मग घरी आल्यावर आवाज पातळ येतो, तारेवर खरखर होते, ट्रेमोलो (एकच सूर झपाट्यानं वर-खाली छेडणं) अडकतो, आणि खापर फुटतं एकतर वाद्यावर नाहीतर आपल्या हातावर. खरं तर उजव्या हाताचं तारेशी जे काही बोलणं होतं ते त्या एवढ्याशा तुकड्यातूनच होतं, त्यामुळे जरा बघून-तपासून पिक घेतलं तर साधी गिटारसुद्धा बरीच सुधारते. ॲकॉस्टिक गिटार आणि मेंडोलिन वाजवणाऱ्यांच्या ज्या चुका मला परत परत दिसतात त्या इथे लिहितोय, कुठली कशी दुरुस्त करायची त्यासकट.

नवशिक्याला पातळ पिक द्यायचं

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि गिटारवर नुसतं स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं, करायचं असेल तर त्यात थोडं तथ्यही आहे. 0.60 किंवा 0.73 मिलिमीटर जाडीचं पिक तारांवरून सहज सरकतं, कॉर्ड मऊ ऐकू येते, हात जड असला तरी चालून जातं. पण त्याच पिकनं एकेक सूर वाजवायला गेलात की प्रत्येक स्ट्रोकला पिकचाच चट-चट आवाज येतो आणि सूर मागे राहतो, कारण पिक आधी वाकतं, मग सुटतं, आणि तुमची अर्धी ताकद त्या वाकण्यातच जाते.

मेंडोलिनवर तर पातळ पिक घेऊच नका. मेंडोलिनच्या तारांची वाजणारी लांबी साधारण 14 इंच, गिटारची 25 च्या आसपास, वर आठ तारा जोडी-जोडीनं लावलेल्या, जी-डी-ए-ई, आणि त्या बोटाला चांगल्याच ताठ लागतात. एका स्ट्रोकमध्ये दोन्ही तारा सारख्या हलल्या पाहिजेत. पातळ पिक पहिल्या तारेवर वाकतं आणि दुसरीला नुसतं पुसून जातं, मग जोडीचा भरलेला सूर मिळतच नाही. ट्रेमोलोत तर पिक सरळ व्हायच्या आत पुढचा स्ट्रोक येतो. मेंडोलिनसाठी 1.0 पासून सुरुवात करा आणि 1.4-1.5 पर्यंत जाऊन बघा, सुरुवातीला हातात लाकडाची फळी धरल्यासारखं वाटेल पण आठवडाभर तसंच वाजवा. गिटारवर फ्लॅटपिकिंग, म्हणजे पिकनं एकेक सूर वाजवणं, करणाऱ्यांनाही साधारण हीच रेंज बरी पडते. जाड पिकनं स्ट्रमिंग करताना तारा खाडखाड वाजत असतील तर पिक बदलायच्या आधी पकड सैल करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आकडा सारखा म्हणजे पिक सारखं

नाही. 0.88 नायलॉन आणि 0.88 सेल्युलॉइड हातात घेऊन अंगठ्यानं वाकवून बघा, नायलॉन बरंच जास्त वाकेल. आकडा फक्त जाडी सांगतो, ताठपणा मटेरियल ठरवतं आणि आवाज त्या दोन्हींवर शिवाय टोकावर आणि कडेवर.

सेल्युलॉइड हे जुन्या प्रकारचं प्लास्टिक, न्यूयॉर्कमध्ये डी'आंद्रेआ कंपनीनं 1922 पासून त्याची पिक्स काढायला सुरुवात केली आणि आज आपण ज्याला गिटारचं नेहमीचं पिक म्हणतो तो 351 नंबरचा आकारही त्यांचाच. आवाज उबदार, पण झिजतं लवकर. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, त्यामुळे पिक पॉलिश पेपरवर थोडं घासलंत की देवघरातल्यासारखा वास येतो, खरं सेल्युलॉइड ओळखायची ही चांगली खूण आहे. पण तपासायला म्हणून काडी लावू नका कुणी, ते भसकन पेट घेतं.

डनलॉप कंपनीचं टॉर्टेक्स 1981 सालचं, ते डेलरिन नावाच्या प्लास्टिकचं असतं, हाताला जरा खरखरीत लागतं आणि घामानं कमी निसटतं. त्यात रंगावरून जाडी कळते, पिवळं 0.73, हिरवं 0.88, निळं 1.0, जांभळं 1.14. डनलॉपचंच अल्टेक्स हे दुसरं प्लास्टिक त्याहून ताठ आणि त्याचा आवाज चकचकीत, मेंडोलिनवर स्पष्ट सूर हवा असेल तर कमी पैशात बघण्यासारखं आहे. नायलॉन मऊ आणि गोड, पण ते ओलावा शोषतं, म्हणजे मुंबईच्या किंवा कोकणातल्या पावसाळ्यात तेच पिक जानेवारीपेक्षा थोडं लुळं वाटलं तर तो तुमचा भास नाही.

ऑनलाइन जी मिक्स पाकिटं मिळतात, रंगीबेरंगी, वर नाव नाही गाव नाही, त्यांच्यावर छापलेल्या जाडीवर तर अजिबात जाऊ नका, कुणाकडे व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असेल तर मोजून घ्या.

कडेकडे कुणी बघतच नाही

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं आणि दुरुस्त करायला सगळ्यात सोपी चूकही हीच. तुमचं पिक दिव्याखाली तिरकं धरून कडेवर नजर फिरवा. साच्यातून काढलेल्या पिकला कडेनं बारीक रेघ किंवा उंचवटा राहिलेला असतो आणि शीटमधून पंच केलेलं पिक नीट घासलेलं नसेल तर कड चौकोनी राहते. तो उंचवटा किंवा ती धार गुंडाळलेल्या तारेवरून जाते तेव्हा खर्र असा आवाज येतो, खास करून गिटारच्या जाड ई आणि ए तारेवर, मेंडोलिनच्या जी आणि डी जोडीवर. लोक याला तारांचा आवाज समजतात आणि तारा बदलत बसतात.

उपाय घरचा आहे. हार्डवेअरच्या दुकानातून 600, 1000 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर एकेक घ्या. फरशीवर किंवा काचेवर सपाट ठेवा, पाण्याचे दोन थेंब टाका आणि पिक तारेला ज्या तिरकेपणानं लागतं त्याच तिरकेपणात ठेवून हलक्या हातानं घासा, आधी 600, मग 1000, शेवटी 2000. दोन्ही बाजू आणि टोकसुद्धा. मग जुन्या जीन्सच्या कापडावर जोर लावून चमक येईपर्यंत घासा. सेल्युलॉइड असेल तर दमानं घ्या, मशीनवर अजिबात लावू नका, गरम होता कामा नये. पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि आधी-नंतरचा फरक मोबाइलवर रेकॉर्ड केलात तर घरातल्या कुणालाही ऐकू येईल.

आता बेव्हल, म्हणजे कडेला दिलेला उतार. आपण पिक तारेला सपाट लावत नाही, थोडं तिरकं लावतो, त्यामुळे डाउनस्ट्रोकला एका बाजूची एक कड घासते आणि अपस्ट्रोकला मागच्या बाजूची पलीकडची. डावखुऱ्याचं याच्या उलट. महागड्या पिक्समध्ये उजव्या हाताचा बेव्हल म्हणून जे विकतात ते हेच, डावखुऱ्यांनी ऑर्डर देताना बघून घ्या नाहीतर पैसे वाया. तुमचा बेव्हल कुठे हवा ते शोधायला तुमचं जुनं झिजलेलं पिक काढा. ते जिथे आणि ज्या कोनात झिजलंय तिथेच, त्याच कोनात नव्या पिकला उतार हवा, दुसऱ्या कुणाच्या पिकवरून कॉपी करून उपयोग नाही.

टोकाचा आकार

टोकदार पिक म्हणजे स्पष्ट, कडक, झटपट सूर, गोल टोक म्हणजे जाड आणि जरा काळसर सूर. मेंडोलिनवर ट्रेमोलो करताना पिक जोडीच्या मध्ये रुतत असेल तर दोन कारणं बघा, एक तर टोक फार अणकुचीदार आहे, नाहीतर पिक फार खोल जातंय. आधी खोली कमी करा, टोकाचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर भागच तारेखाली जाऊ द्या. तरी अडकलं तर त्याच पिकचा खांदा वापरून बघा, म्हणजे टोक सोडून मागचा गोल कोपरा. बरेच मेंडोलिनवाले वर्षानुवर्षं खांद्यानंच वाजवतात. त्रिकोणी मोठं पिक यासाठी चांगलं, तिन्ही कोपरे चालतात, एक झिजला की फिरवायचं, आणि धरायला जागा जास्त मिळते.

मोठ्या वादकाचं पिक आपल्यालाही चालेल

अमेरिकन मेंडोलिनवादक क्रिस थीलीच्या नावाचं ब्लूचिप कंपनीचं सीटी55 हे पिक मेंडोलिनच्या जगात फार प्रसिद्ध आहे. त्या 55 चा अर्थ इंचाचा हजारावा भाग, 0.055 इंच, म्हणजे 1.4 मिलिमीटर. पिक उत्तम आहे यात वाद नाही, तारेवरून लोण्यासारखं जातं, फारसं झिजतही नाही. पण किंमत 35 डॉलरच्या पुढे, वर शिपिंग आणि कस्टम, आणि वस्तू सोफ्याच्या फटीत गायब होणारी. आपल्याला कुठली जाडी, कुठलं टोक लागतं हे कळायच्या आधी ते मागवणं चूक आहे. आधी शंभर रुपयांच्या आतली चार-पाच वेगवेगळी पिक्स घासूनपुसून वाजवा, मग डनलॉपचं प्राइमटोन बघा, त्याची कड कंपनीतूनच घासून येते, आणि त्यानंतरही मन ओढत असेल तर ब्लूचिप जरूर घ्या.

अजून एक गोष्ट आपल्याकडे खास होते. कर्नाटक संगीतातल्या यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन ऐकून खूप जण या वाद्याकडे वळले, ते योग्यच आहे, पण त्यांचं नेहमीचं वाद्य पाच सुट्या तारांचं इलेक्ट्रिक मेंडोलिन होतं. सुटी तार, ॲम्प्लिफायर आणि गमकं, तिथे पिककडून मागणी वेगळी असते. तुमच्या हातात आठ तारांचं ॲकॉस्टिक असेल आणि सज्जाद हुसेन किंवा लक्ष्मीकांत (लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले) या मेंडोलिन वाजवणाऱ्या संगीतकारांच्या काळातल्या हिंदी सिनेमासारखा ट्रेमोलो काढायचा असेल तर त्या वाद्याच्या हिशोबानं पिक शोधा. ज्याचं पिक बघताय त्याचं वाद्य आधी बघा.

कासवाची पाठ

जुन्या लोकांकडून ऐकू येतं की खरा आवाज टॉर्टॉइज शेलचाच. हे शेल हॉक्सबिल या समुद्री कासवाचं. सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानं त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केलाय आणि आपल्याकडे वन्यजीव कायदा, 1972 च्या पहिल्या शेड्यूलमध्ये ते आहे, वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडलेही त्याच शेड्यूलमध्ये. जुनं आहे, आजोबांचं आहे असं सांगून कुणी विकत असेल तरी घेऊ नका, परदेशातून बॅगेत आणू नका. तपकिरी-पिवळी नक्षी असलेली जी पिक्स दुकानात दिसतात ती बहुतेक सेल्युलॉइडची असतात, त्यांची भीती नाही. शेलच्या जवळचा आवाज हवा असेल तर केसिनची पिक्स मिळतात, दुधाच्या प्रोटीनची. आणि आपल्याकडे सरोदचा जवा, म्हणजे सरोद वाजवायचं पिक, पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या करवंटीचा करतात, कुणाला हातानं काही करायची आवड असेल तर करवंटी कापून, वर सांगितलं तसं घासून पिक करून बघा, मेंडोलिनवर छान गोल सूर येतो.

जुनं एटीएम कार्ड कापून केलेलं पिक मात्र अडीनडीलाच. कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर, कागदावर ठीक वाटते, पण मऊ प्लास्टिक, तासाभरात कडेला दाते पडतात. नाणं किंवा धातूचं पिक तर ॲकॉस्टिकवर नकोच, तारांची गुंडाळी खराब होते.

पिकचा दोष नसतो तेव्हा

एकाच तारेवर एकाच फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) झणझण आवाज येत असेल तर पिक बदलून काही होणार नाही, फ्रेट किंवा ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, दुरुस्तीवाल्याला दाखवा. पावसाळ्यात सगळ्याच तारा खरखरीत लागत असतील तर बोट फिरवून गंज बघा. पिक वाजवता वाजवता बोटांत फिरत असेल तर बहुतेक जण अजून घट्ट धरतात आणि मनगट दुखवून घेतात. त्यापेक्षा हात साबणानं धुवून कोरडे करा, पिकच्या पकडायच्या भागावर कटरच्या टोकानं आडव्या-उभ्या रेघा मारा, टोकापासून लांब, आणि तरी निसटलं तर मोठ्या आकाराचं पिक घ्या.

तुलना करताना एकाच दिवशी, त्याच तारांवर, तीच एक ओळ वाजवा आणि फोन दोन हात लांब समोर ठेवून रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याच्या कानाला पिकचा खटखटाट जास्त येतो आणि समोरच्याला सूर जास्त, त्यामुळे हातात असताना नावडलेलं पिक रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात बरं निघालेलं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय. जे निवडाल त्याची दोन-तीन एकदम घेऊन ठेवा, एक केसमध्ये, एक पाकिटात. टोक चपटं झालं किंवा कडेला नख अडकायला लागलं की पुन्हा 1000 आणि 2000 वर फिरवा, आणि सेल्युलॉइडची पिक्स उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ती वाकडी होतात.