एमाच्या गावातलं हॅलोविन: मित्रमंडळींसह मॅनिटू स्प्रिंग्जला कसं जावं

कॉलरॅडोत पाइक्स पीकच्या पायथ्याशी मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचं लहानसं गाव आहे. बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या सुमारास, तिथल्या मुख्य रस्त्यावर शवपेट्यांची शर्यत होते. पेटीला चाकं लावलेली, आत पांढऱ्या झग्यात एक जिवंत 'एमा' बसलेली, आणि पेटी पळवत नेणारे चौघं. आम्ही पुण्यातल्या कॉलेजचे सहा जण अमेरिकेत पाच गावांना पांगलोय. एका वर्षी ही शर्यत बघायला जमलो, पुढच्या वर्षी स्वतः धावलो, आणि आता दिवाळीला नाही जमलं तरी एमाला जमायचंच, असं ठरून गेलंय. ओळखीतले लोक दरवर्षी विचारतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

निघण्याआधी सगळ्यांना एमाची गोष्ट सांगा. ती माहीत नसेल तर हा नुसता गोंगाट वाटतो. एमा क्रॉफर्ड 1889 मध्ये क्षय झालेला असताना या गावी आली. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. डोंगरातली कोरडी हवा आणि इथले खनिज पाण्याचे झरे यांच्या आशेने रोगी लांबलांबून येत. 1891 मध्ये ती गेली, तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. आपल्याला रेड माउंटनच्या माथ्यावर पुरावं ही तिची इच्छा होती, आणि लोकांनी पेटी उचलून खरोखर तिथे नेली. पुढे माथ्यावर रेल्वेचं बांधकाम आलं, कबर बाजूला सरकवली गेली, आणि 1929 मध्ये पावसाने माती खचून तिची पेटी डोंगरावरून खाली आली. त्याची आठवण म्हणून गावाने 1995 मध्ये ही शर्यत सुरू केली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे अजिबात आवडलं नव्हतं. माझी पणजी क्षयाने गेली. आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नसे, तिचा एक फोटोही नाही. आजारपणाने गेलेल्या मुलीच्या पेटीची शर्यत लावायची? पण शनिवारी त्या रस्त्यावर उभी राहिले आणि हजारो माणसं "एमा! एमा!" ओरडताना ऐकली, तेव्हा पटलं की हे तिला विसरणं नव्हे. म्हणून माझं एकच मागणं आहे: शनिवार शर्यतीला द्या, पण रविवार एमासाठी राखून ठेवा. शर्यत संपल्या संपल्या गाडीत बसून निघून जाणाऱ्यांचं अर्धं राहून जातं.

राहायची सोय ऑगस्टमध्येच करून टाका. गावात खोल्या मोजक्या आहेत आणि त्या शनिवार-रविवारी लवकर भरतात. नाही मिळाल्या तर कॉलरॅडो स्प्रिंग्ज शेजारीच आहे, तिथे घर घ्या. शर्यतीची त्या वर्षीची तारीख आणि नियम पक्के बघूनच विमानाची तिकिटं काढा. डेन्व्हरला उतरलात तर आय-25 महामार्गाने दक्षिणेला यायचं. वाटेत मॉन्युमेंट हिल लागते, उंची सात हजार फुटांच्या वर. डेन्व्हरला ऊन असतं तेव्हा तिथे बर्फ पडत असतो, आणि ऑक्टोबरअखेर हे सहज होतं. निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती फोनवर बघा, आणि भाड्याची गाडी घेताना टायर वाकून स्वतः तपासा. आमच्यातल्या एकाने एकदा हे केलं नाही, आणि त्या चढावर पुढची गाडी घसरताना बघत आम्ही वीस मिनिटं जागच्या जागी उभे होतो. तेव्हापासून टायर मीच बघते.

शुक्रवारी दुपारपर्यंत पोचा आणि त्या दिवशी काहीही ठरवू नका. गाव साधारण 6,400 फुटांवर आहे. ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीहून आलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते, डोकं जड होतं, रात्री झोप तुटक लागते. पाणी पीत राहायचं, आणि पहिल्या रात्री दारू नको. इथे ती लवकर चढते आणि सकाळी दुप्पट छळते.

जेवायला मुगाची खिचडी, कढी, पापड. पोटाला हलकं, आणि सहा जणांचं एका कुकरमध्ये होतं. कुकर मात्र घरून आणाच. या उंचीवर पाणी 94 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

मग भुतांच्या गोष्टी. आमचा नियम असा की सिनेमातली किंवा पुस्तकातली गोष्ट चालणार नाही. आपल्या गावची, आपल्या माणसाने सांगितलेली, आणि जागेच्या नावासकट हवी. दिवे घालवायचे, एक समई किंवा मेणबत्ती ठेवायची, आणि सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. मालवणकडचा मित्र देवचाराची सांगतो: रात्री वाट चुकलेल्याला कंदील दाखवत बांधापर्यंत सोडणारा, नारळ आणि विडी मागणारा. सांगलीकडची मैत्रीण विहिरीजवळच्या पिंपळावरच्या मुंजाची सांगते. मी आजोबांना लागलेला चकवा सांगते. रात्रभर एकाच शेताभोवती फिरत होते, पहाटे कोंबडा आरवला तेव्हा समोर घर. या गोष्टी आम्ही एकमेकांना वीस वर्षं ओळखूनही कधी सांगितल्या नव्हत्या. परक्या देशातल्या डोंगरात, बाहेर देवदारासारख्या झाडांतून वारा घोंघावत असताना त्या निघाल्या. हॅलोविनला भीती विकत आणावी लागत नाही, आपल्याकडे घरची भरपूर आहे.

शनिवारच्या कपड्यांबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळ्यांची चूक इथेच होते. ऑक्टोबरअखेरच्या दुपारी उन्हात स्वेटर नकोसा होतो, आणि सूर्य डोंगराआड गेला की दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. वेश एक माप मोठा घ्या आणि आत थर्मल घाला. वरून जाकीट चढवलं की वेश झाकला जातो आणि सगळी मेहनत वाया. पायात चालायचे बूट. चेहरा रंगवणार असाल तर आधी क्रीम लावून दहा मिनिटं थांबा, इथली हवा इतकी कोरडी आहे की नुसत्या कातडीवरचा रंग दुपारपर्यंत तडकतो. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा टाळा, आधीच श्वास अपुरा असतो. आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा वेश करू नका. हे झरे यूट आणि इतर जमातींना पवित्र होते, त्यांच्याच जागेत त्यांचं सोंग आणणं बरं दिसत नाही. आमच्यातल्या दोघी नऊवारी नेसून हडळ होतात: केस मोकळे, पाय उलटे दिसावेत म्हणून बुटांवर मागे तोंड केलेल्या चपला शिवलेल्या. दर दहा पावलांवर कोणी तरी थांबवून विचारतं, आणि मग हडळ म्हणजे काय ते इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे येतं.

शर्यतीसाठी मॅनिटू ॲव्हेन्यू बंद असतो. गाडी गावाबाहेर लावा आणि त्या दिवशीच्या बसने या. गाडी आत घालून जागा शोधायचा प्रयत्न आम्ही एकदा केला, त्यात मिरवणुकीचा अर्धा भाग हुकला. मिरवणूक शर्यतीआधी निघते आणि तीच खरी बघण्यासारखी: जुन्या शववाहिका, चकचकीत काळ्या, आणि मागे सगळे संघ आपापल्या पेट्या घेऊन. सकाळीच येऊन कठड्यालगत जागा धरा, एकाला तिथे ठेवून बाकीचे फिरा.

धावायचं असेल तर संघ पाच जणांचा: चौघं ढकलणारे, एक एमा. दोन-दोन पेट्या एकदम सुटतात. अंतर जेमतेम 200 यार्ड, पण त्या उंचीवर तेवढ्यातच छाती फुटायची वेळ येते. बक्षीस फक्त वेगाला नसतं. सर्वांत छान एमा, सर्वांत छान पेटी, सर्वांत छान ताफा यांनाही असतं. मला विचाराल तर पेटीच्या देखणेपणावर जीव ओता.

पेटी आम्ही माझ्या गॅरेजमध्ये बांधली, दोन रविवार लागले. खाली लाकडी चौकट, वर अर्ध्या इंचाचं प्लायवूड. पहिल्यांदा पुढे फिरती चाकं लावली होती. वेग आला की ती बाजारातल्या ट्रॉलीसारखी थरथरतात आणि पेटी तिरकी पळते. मग चारही चाकं सरळ, न फिरणारी, हवेच्या टायरची बसवली. ढकलायचा दांडा कमरेच्या उंचीवर हवा. खाली असेल तर वाकून पळताना पाय पेटीत अडकतो. एमाला आत धरायला दोन्ही बाजूंना पक्क्या कड्या, पाठीला उशी, डोक्याला हेल्मेट, आणि हेल्मेटवर विग. रिकाम्या पार्किंगमध्ये निदान पाच वेळा एमाला बसवून पळवून बघा, विशेषतः थांबवून बघा. पेटी सुटते पटकन, थांबत नाही. एमा कोण होणार हे वजनावर ठरवू नका. जिला किंवा ज्याला लोकांकडे बघून हात हलवायला मनापासून आवडतं, त्यालाच बसवा. आमची एमा नाशिकचा एक सहा फुटी गडी आहे, आणि त्याच्याइतकी गोड एमा मी दुसरी पाहिली नाही.

आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. संध्याकाळी पाय लुळे, घसा बसलेला, आणि पिठलं-भात इतका गोड लागला की कोणी बोललंच नाही.

रविवारी लवकर उठा. हा नोव्हेंबरचा पहिला रविवार असेल तर रात्री दोनला घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे उजेड लवकर आणि झोपही जास्त. आदल्या दिवशीची गर्दी ओसरलेली असते. आधी झरे. पेला आणि दोन लिंबं बरोबर घ्या. गावभर सार्वजनिक झरे आहेत, पाणी फुकट, आणि प्रत्येकाची चव वेगळी. आयर्न स्प्रिंगचं पाणी तोंडात लोखंडी खिळा धरल्यासारखं लागतं. ट्विन स्प्रिंगच्या पाण्यात लिंबू-साखर घातली की आपोआप सोड्याचं सरबत.

मग रेड माउंटन. इंटेमन वाटेवरून फाटा फुटतो. चढ छातीवरचा आहे पण लांब नाही, सावकाश गेलात तर तासाभरात माथा. गुडघे दुखणाऱ्याला काठी द्या, उतरताना वाळूसारखी खडी घसरते. वर जुन्या रेल्वेच्या बांधकामाचे काँक्रीटचे अवशेष दिसतात. खाली कालचा रस्ता एका रेघेएवढा. इथवर माणसांनी ती पेटी उचलून आणली होती, तेव्हा अशी वाटही नव्हती. आम्ही वर पाच-दहा मिनिटं न बोलता बसतो. हे कोणी ठरवलं नव्हतं, पहिल्या वर्षी तसं झालं आणि तसंच राहिलं.

खाली उतरून क्रिस्टल व्हॅली दफनभूमीत जा. डोंगरावरून घसरलेली एमा पुन्हा तिथे पुरली गेली, बरीच वर्षं खुणेशिवाय. आता तिच्या नावाचा दगड आहे. मी घरच्या कुंडीतला झेंडू नेते, ऑक्टोबरपर्यंत एखाददुसरा टिकतो. गेल्या वर्षी दोन होते. एक एमाला ठेवला, दुसरा पणजीच्या नावाने त्याच दगडाशी. तिचं नाव आईला विचारून घेतलं होतं. द्वारका.