नदीकाठच्या उद्यानात जाताय? या चुका टाळा

बुडून मृत्यू झाल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. ते वाचलं की दरवेळी मला हळहळ वाटते, कारण नदीच्या पाण्याचा बराचसा अंदाज काठावर उभं राहून, पाय न भिजवता घेता येतो. दहा मिनिटं पुरतात. उद्यानात आलेली माणसं ती दहा मिनिटं देत नाहीत, याचं कारणही समजण्यासारखं आहे. फरसबंदी वाट, बाकं, हिरवळ, झोपाळे बघितले की शेजारून वाहणारी नदीसुद्धा उद्यानाचाच एक भाग वाटू लागते. बागेची काळजी घ्यायला माळी असतो, पाण्याला मात्र कुणी आवर घालून ठेवलेला नसतो.

इथे ऊन आहे, म्हणजे पाणी वाढणार नाही

सगळ्यात जीवघेणी चूक हीच. आपण डोक्यावरचं आभाळ बघतो आणि निर्धास्त होतो. पाऊस मात्र कित्येक किलोमीटर वर पडलेला असतो, किंवा धरणातून विसर्ग सुरू झालेला असतो. ते पाणी आपल्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि पोहोचतं तेव्हा आपल्याकडे लख्ख ऊनच असतं. नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. पण काठावर चटई टाकायची असेल, तर वर काय चाललंय हे विचारायलाच हवं. उद्यानाच्या सुरक्षारक्षकाला विचारा, 'आज वरून पाणी सोडणार आहेत का?' भोंगा कुठे आहे आणि तो वाजला तर कुठल्या वाटेने वर जायचं, हेही तेव्हाच विचारून घ्या.

आल्या आल्या मी पाण्याच्या अगदी कडेला एक काडी खोचते. ही सवय एका दुपारच्या अनुभवामुळे लागली. आम्ही पाण्यापासून चार पावलांवर बसलो होतो, गप्पा रंगल्या होत्या. सहज खाली पाहिलं, तर काडी निम्मी बुडालेली. मघापर्यंत तळाचे गोटे दिसत होते, आता पाणी चहासारखं गढूळ झालं होतं आणि त्यावरून वाळलेली पानं, काटक्या, फेसाचे पुंजके वाहत होते. खळखळ थांबून सलग घुमल्यासारखा आवाज येत होता. आम्ही डबे गोळा करत बसलो नाही, मुलांना उचललं आणि सरळ पायऱ्या चढून वर आलो. थोड्या वेळाने आमच्या चटईची जागा पाण्याखाली होती.

गढूळपणा, तरंगणारा कचरा, बदललेला आवाज आणि दिसेनासे होणारे दगड, यातली एक खूण दिसली तरी उठायचं. काठाकाठाने पळायचं नाही, नदीकडे पाठ करून उंचावर जायचं. पात्रातल्या खडकावर किंवा बेटावर बैठक मांडायची नाही, कारण परतीची उथळ वाट सगळ्यात आधी बुडते. तसं अडकलातच, तर वाहत्या पाण्यातून येण्याचं धाडस करू नका. सगळ्यात उंच जागी थांबा, फोन करा, शिट्टी वाजवा, मदतीची वाट पाहा.

'गुडघाभरच तर आहे!'

खोलीपेक्षा वेग जास्त घातक असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला, की अंगावर येणारा जोर चौपट होतो. म्हणून जोराच्या धारेत 15 सेंटीमीटर पाणीही मोठ्या माणसाचा तोल घालवू शकतं. उद्यानातला बुडता रस्ता गाडीने ओलांडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. 30 सेंटीमीटर वाहत्या पाण्यात छोटी गाडी वाहून जाऊ शकते.

वेग मोजायला उपकरण लागत नाही. धारेत एक काटकी टाका आणि काठाने तिच्याबरोबर नेहमीच्या चालीने चाला. काटकी पुढे निघून गेली, तर त्या पाण्यात उतरायचं नाही. काटकी जागच्या जागी गोल फिरली किंवा उलटी वर सरकली, तर तिथे भोवरा आहे, तिथेही नाही.

खोलीच्या बाबतीत तर डोळेच फसवतात. वरून सरळ खाली पाहिलं, तर चार फूट खोल पाणी तीन फूट भासतं. काठावरून तिरकं पाहिलं, तर त्याहूनही उथळ. नितळ पाणी म्हणूनच जास्त फसवं. वळणावर आतल्या बाजूला वाळू साठते, बाहेरच्या बाजूला धार काठ पोखरते आणि डोह तयार होतो. तिथला काठ वरून भक्कम दिसतो, पण खालून पोकळ असतो. फोटोसाठी नेमकी तीच जागा लोकांना आवडते. वरून सूर मारणं तर कुठेच नको. तळाशी दगड आहे की बुडालेलं खोड, हे काठावरून कळत नाही आणि मानेला मार बसला तर हातपाय कायमचे लुळे पडू शकतात.

आता वाहून जायला लागलातच, तर काय? उभं राहायची धडपड करू नका. जोराच्या धारेत पाय टेकायला गेलात आणि तो दोन दगडांच्या फटीत अडकला, तर मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतं. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पावलं पाण्याच्या वर. दगड आला तर पायाने ढकलता येतो आणि डोकं वाचतं. हातांनी वल्हवत तिरकं काठाकडे सरका, धारेच्या विरुद्ध पोहून दमू नका. अगदी उथळ, संथ पाण्यात आल्यावरच उभे राहा. याला एक अपवाद आहे. पुढे आडवं पडलेलं झाड दिसलं तर पालथे व्हा, आधी जोर लावून त्याला टाळायचा प्रयत्न करा आणि जमलंच नाही तर त्याच्यावर चढा. फांद्यांमधून पाणी जातं, माणूस अडकतो.

बंधाऱ्याखाली डुंबणं

इथे माझं मत ठाम आहे. बुटक्या बंधाऱ्याखाली, पाणी वाहत असताना, कुणीही उतरू नये. वरून कोसळणारं पाणी तळाशी जातं, थोडं पुढे वर येतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडेच माघारी फिरतं. त्यात सापडलेला माणूस तसाच फिरत राहतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने तरंगायलाही आधार कमी मिळतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून सुटणं कठीण असतं. बंधाऱ्याच्या माथ्यावरून चालणंही नको, शेवाळावर पाय घसरला की खाली तेच पाणी आहे.

सगळे लक्ष ठेवून आहेत, म्हणजे कुणीच नाही

दहा मोठी माणसं आणि चार मुलं असली, की प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघतोय. त्यापेक्षा एकाचं नाव घेऊन सांगा, 'आता वीस मिनिटं तू.' त्याने फोन बाजूला ठेवायचा, मद्य घेतलेलं नसावं, आणि 'आता तू बघ' असं तोंडाने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. लहान मूल तर हात लांबवला की हाताला लागेल इतकंच दूर.

बुडणारं माणूस ओरडतं, हात हलवतं, ही समजूत काढून टाका. श्वासच मिळत नसेल तर ओरडणार कशाने? डोकं मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, दोन्ही हात बाजूला पाण्यावर दाबलेले, पाय हलत नाहीत, हाकेला ओ नाही. असं दिसलं की हाती मिनिटभरही नसतं.

चपलेचंही सांगायला हवं. सैल चप्पल पायातून सुटते, वाहू लागते आणि मूल तिच्यामागे एकेक पाऊल आत जातं. पट्टा असलेली सँडल घाला, आणि घरातूनच सांगून निघा की वाहून गेलेली वस्तू गेली, तिच्या मागे जायचं नाही. हवेचा ट्यूब किंवा दंडावरचे फुगे म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. जॅकेटही मापाचं हवं. सगळे बंद लावून खांद्यांना धरून वर ओढा. ते कानांपर्यंत सरकलं, तर पाण्यात मूल त्यातून निसटेल.

वाचवायला उडी

आपलं माणूस बुडताना बघून थांबणं किती अवघड असतं, हे मला कळतं. तरीही थांबा. बुडणारा मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघंही खाली जातात. काठावर पालथे पडून काठी, टॉवेल, छत्री पुढे करा. लांब असेल तर दोरी फेका. रिकाम्या कॅनमध्ये थोडं पाणी भरून, झाकण घट्ट लावून दोरीला बांधलं, तर तो लांब जातो आणि तरंगतोही. दुसऱ्या कुणाला तरी फक्त बोट दाखवत त्या माणसावर नजर ठेवायला सांगा, कारण डोकं एकदा दिसेनासं झालं की जागा सापडत नाही.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाते. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या (प्रशिक्षणात सुरुवातीला कुठे दोन, कुठे पाच शिकवतात), मग छातीच्या मध्यभागी 30 वेळा दाब आणि 2 श्वास, असं मदत येईपर्यंत. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120. शुद्धीवर येऊन बोलू लागला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

मदत बोलावताना 'नदीकाठी या' म्हणून कुणाला काही सापडत नाही. आत शिरतानाच जवळच्या प्रवेशद्वाराचा किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवा.