कुंभारकाकांना शाळेत शिकवायला बोलवायचंय? असं करा

महागडं किट नको, आधी शाळेच्या आसपास कोण काय काम करतं ते मुलांनाच फिरून लिहून काढू द्या. आम्ही कुंभारकाकांपासून सुरुवात केली. त्यांना पाहुणे म्हणून भाषणाला नका बोलवू, शिक्षक म्हणून बोलवा आणि मानधन आधीच ठरवा, हे फार महत्त्वाचंय. माती आदल्या दिवशी भिजवा, खडे काढा, मग पोरांना मनसोक्त मळू द्या. वाळवायचं सावलीतच, उन्हात एक बाजू आधी सुकते आणि चीर जाते, आणि आत ओल राहिली तर पणती भट्टीत तडकते, हे एकदा डोळ्याने बघितलं की मुलं विसरत नाहीत. चाकावर एका वेळी एकच मूल बसणार, बाकीच्यांना हाताने पणत्या करायला लावा. ओली पणती तोला, वाळल्यावर परत तोला, किती पाणी उडालं ते वहीत, झालं गणित! शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात विज्ञान आश्रम ही शिक्षणसंस्था सुरू केली ती याच विचारावर, हाताने काम करत शिकायचं. दिवाळीआधी पणत्या मुलांनीच शेजारच्या सोसायटीत नेऊन द्यायच्या, पहिली जोडी मात्र काकांच्या घरी.