घड्याळ कधी सुरू करायचं? हृदयप्रत्यारोपणाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी भरलेल्या एका फॉर्मवर एक्मो (हृदय-फुफ्फुसाचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन) सुरू झाल्याची वेळ होती पहाटे ४:१०, आणि एक्मोनंतरच्या पहिल्या एबीजीची (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या तपासणीची) वेळ होती ४:०३. म्हणजे मशीन लागण्याआधीच, ते लागल्यानंतरचं रक्त तपासून झालं होतं! दुसऱ्या दिवशी आमच्या पर्फ्युजनिस्ट (ही मशीन चालवणाऱ्या) दादांनी मला सोबत घेऊन आयसीयूत फेरी मारली. भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटर, एबीजीचं मशीन, तिघांच्या तीन वेळा. एबीजीचं मशीन ११ मिनिटं मागे होतं. तेव्हापासून दर सोमवारी सगळ्या घड्याळांतला फरक मी एका वहीत लिहिते. नवीन माणूस आला की त्याला आधी ती वही दाखवते.

मी ठाण्याची. नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये, हृदय निकामी झालेल्या पेशंटवरच्या संशोधनात सहा वर्षं आहे. एमबीबीएस, फिजिओथेरपी, पर्फ्युजन, यातलं काहीही शिकून या कामात येता येतं. येताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर असतं आणि हातात पडतात फायली. त्या वाचायचा कंटाळा असेल तर हे काम घेऊ नका, असं मी मुलाखतीतच सांगते.

आपल्या भागात या कामाला इतिहास आहे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिलं मानवी हृदय बसवलं, आणि तीन महिने व्हायच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच केलं. पेशंट काही तासच जगला. पुढे मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळायला १९९४ उजाडलं. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईला मात्र २०१५च्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा पुण्याहून आलेलं हृदय मुलुंडला, म्हणजे ठाण्याच्या उंबऱ्यावर, बसवलं गेलं. दात्याच्या महाधमनीला क्लॅम्प लागल्यापासून नव्या शरीरात रक्त वाहू लागेपर्यंतचा वेळ शक्यतो ४ तासांच्या आत ठेवायचा असतो. ग्रीन कॉरिडॉरची, म्हणजे अवयवाच्या गाडीसाठी रस्ता मोकळा ठेवण्याची, सगळी धावपळ त्यासाठीच.

मिनिटांइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व आहे ते मोजणी कुठून सुरू केली याला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या पेशंटमध्ये प्रत्यारोपण झालेले लोक न झालेल्यांपेक्षा जास्त जगले असं दिसत होतं. त्या तुलनेतली खोच संशोधक मिचेल गेल यांनी १९७२ मध्ये दाखवली. हृदय मिळेपर्यंत जो तग धरतो तोच प्रत्यारोपणाच्या गटात जातो. वाट बघताना गेलेला प्रत्येक जण आपोआप दुसऱ्या गटात मोजला जातो. म्हणजे शस्त्रक्रियेने काहीच फायदा झाला नसता तरी पहिला गट सरसच दिसला असता. स्टॅनफर्डच्या १०३ पेशंटची माहिती आर या मोफत सॉफ्टवेअरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये आजही मिळते. ती आधी चुकीच्या पद्धतीने मांडा, मग वाट पाहण्याचा काळ वेगळा धरून मांडा. दोन उत्तरं शेजारीशेजारी बघितली की जे कळतं ते मला महिनाभर पुस्तकं वाचून कळलं नव्हतं.

जीसीपीचं (पेशंटवरचं संशोधन नीट करण्याच्या नियमांचं) प्रमाणपत्र, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं, एथिक्स कमिटीचे अर्ज, ट्रायल असेल तर सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी, हे सगळं पहिल्या दोन महिन्यांत उरकून घ्या.

रक्ताभिसरणाला आधार देणाऱ्या यंत्रांबद्दल मात्र सावकाश शिका. बलून पंप (महाधमनीत बसवलेला फुगा) कित्येक वर्षं कार्डिओजेनिक शॉकमध्ये, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही तेव्हा, सर्रास लावला जायचा. हृदय विसावताना फुगा फुगतो, आकुंचनाआधी मिटतो, हृदयाचं ओझं हलकं होतं. कागदावर सगळं पटणारं. २०१२ मध्ये हार्ट अटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्या ६०० पेशंटची ट्रायल झाली आणि ३० दिवसांच्या मृत्यूंमध्ये फरक आढळला नाही. एक्मोचंही तसंच. मांडीच्या धमनीतून उलट्या दिशेने रक्त ढकलल्याने शरीराला रक्त पोचतं, पण आधीच थकलेल्या डाव्या जवनिकेवर (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यावर) दाब वाढतो. नातेवाईक विचारतात, "मॅडम, मशीन लावलं की बरा होईल ना?" तेव्हा मी खुर्ची ओढून बसते आणि सांगते की या मशीनने काही दिवस हातात येतात, त्या दिवसांत हृदय सावरतंय का ते आपण बघणार. उभ्याने संमती घेऊ नका. एकदा घाईत मी घेतली होती. त्या आजींनी सही केली आणि मग विचारलं, कशाची होती. तो फॉर्म मी रद्द केला आणि संध्याकाळी त्यांच्या मुलासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं.

फॉलो-अपमध्येही घड्याळ सुटत नाही. प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमसची (शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाची) रक्तातली पातळी सकाळच्या गोळीआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी बघायची असते. आमचा एक पेशंट मुरबाडहून पहिल्या एसटीने निघायचा आणि चहाबरोबर गोळी घेऊन मोकळा व्हायचा. पातळी दर वेळी जास्त यायची, डोस कमी करायची चर्चा सुरू झाली होती. तो डोस कमी झाला असता तर शरीराने हृदय नाकारायला वाट मोकळी झाली असती. रक्त काढणाऱ्या सिस्टरनी सहज विचारलं म्हणून उलगडा झाला. आता तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना स्वतः फोन करते: "काका, उद्याची सकाळची गोळी घरी घेऊ नका. डबीत घालून आणा, रक्त दिलं की इथेच घ्या."