केकवर मराठीत नाव लिहायचंय? क्रीम, रंग आणि वरची रेघ

बेकरीत केक सांगताना नाव मराठीत लिहा म्हटलं की काउंटरवरचा माणूस जरा विचारातच पडतो, आणि मग आजीच्या पंच्याहत्तरीच्या केकवरसुद्धा इंग्रजीच येतं. घरी केक करणाऱ्यांनी तरी मराठीत लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे. अवघड नाहीये, फक्त पद्धत वेगळी आहे, आणि त्याआधी क्रीम आणि रंग नीट जमायला हवेत कारण पातळ क्रीमने कुठल्याच लिपीत अक्षर येत नाही.

क्रीमचं आधी बघू. आपल्याकडे घरगुती केकवाले बहुतेक सगळे नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम वापरतात, ते आपल्या हवेत जास्त टिकतं आणि गोड असतंच त्यामुळे वर साखर घालावी लागत नाही. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा, फेटताना त्यात थोडी बर्फाची कणी राहिली असेल तर चांगलंच, भांडं आणि बीटरचे दांडेही गार करून घ्या. अमूल फ्रेश क्रीम फेटत बसू नका, त्यात फॅट २५ टक्के असतं आणि क्रीम नीट फुलायला निदान ३० ते ३५ टक्के लागतं, ते गनाशला (चॉकलेट आणि क्रीमचं दाट मिश्रण) ठेवा. बटरक्रीमची फुलं सुंदर येतात (१०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, २०० ग्रॅम आयसिंग शुगर), पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याला एसी नसेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं. शिवाय बटर मुळात पिवळसर, त्यात निळा घातला की हिरवट झाक येते.

केकला आधी क्रीमचा पातळ हात द्यायचा म्हणजे चुरा त्यातच अडकतो, मग २० मिनिटं फ्रिज आणि मग खरा थर. हे टाळू नका, नाहीतर पांढऱ्या क्रीममध्ये चॉकलेट केकचे कण दिसत राहतात.

आता रंग. जेल कलर घ्या, बाटलीतला पाण्यासारखा रंग क्रीम पातळ करतो. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच घ्यायचा, स्पॅच्युलाने हलक्या हाताने मिसळायचं. गडद रंग करायचा असेल तर तेवढं क्रीम मुद्दाम थोडं कमी फेटलेलं ठेवा, कारण रंग मिसळता मिसळता ते अजून घट्ट होतं आणि शेवटी रवाळ होऊन बसतं. रवाळ झालंच तर चमचाभर न फेटलेलं गार क्रीम घालून हाताने मिसळा, बऱ्यापैकी सावरतं. रंग लगेच फिका वाटला तरी अर्धा-एक तास थांबा, ठेवल्यावर चढतो, तेवढ्यात अजून जेल ओतू नका.

लाल आणि काळा हे दोन त्रासदायक. भडक लालसाठी इतकं जेल लागतं की क्रीम कडवट होतं आणि सगळ्या बच्चेकंपनीच्या जिभा लाल. त्यामुळे लाल फक्त अक्षरांपुरता, अख्खा केक लाल नको. काळा हवा असेल तर पांढऱ्या क्रीमपासून सुरुवातच करू नका, क्रीममध्ये आधी कोको चाळून घाला आणि मग काळं जेल, निम्म्याहून कमी लागतं. जांभळा उजेडात ठेवला तर त्यातला गुलाबी उडतो आणि निळसर-राखाडी उरतो, म्हणून तो केक झाकूनच ठेवा. आणि ती सोनेरी चमकी घेताना डबीवर खाण्यायोग्य असं लिहिलंय का आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबर आहे का बघा, नुसतं नॉन-टॉक्सिक लिहिलेली डबी सजावटीची असते, खायची नाही.

आता मुख्य काम. ६ इंची केकवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहायच्या भानगडीत पडू नका, मावत नाही आणि शेवटचं 'च्छा' कडेवरून खाली उतरतं. नुसतं नाव लिहा, किंवा 'आजी ७५'. लिहिण्याआधी केक गार आणि थर घट्ट हवा. टूथपिकने एक आडवी रेघ हलकी ओढा, तीच तुमची शिरोरेषा. वेलांटी, मात्रा, रफारासाठी वर आणि उकारासाठी खाली जागा सोडा, हे बहुतेकजण विसरतात आणि मग 'श्रुती'चा उकार बॉर्डरच्या फुलांत घुसतो.

नोझल (क्रीमच्या पिशवीच्या टोकाला बसवायची छोटी नळी) २ किंवा ३ नंबरचं गोल, नाहीतर बटर पेपरचा कोन करून टोक बारीक कापा. टोक केकला टेकवायचं नाही, किंचित वर धरून क्रीमचा दोरा खाली पडू द्यायचा, अक्षर संपलं की दाब आधी सोडायचा आणि मग हात उचलायचा. सगळी अक्षरं आधी, वरची रेघ सर्वात शेवटी एका दमात. अक्षरांची डोकी थोडी वरखाली झाली असली तरी ती रेघ सगळं झाकून टाकते, ही सोय इंग्रजीत नाही. 'ज्ञ', 'क्ष', 'श्र' मात्र क्रीमने पटकन गिचमिड होतात, ती बाकीच्यांपेक्षा थोडी मोठी काढा. सराव उपड्या ताटलीवर करा, क्रीम खरवडून परत पिशवीत.

हात थरथरतोच असेल तर चॉकलेटने लिहा. नाव जाड अक्षरात कागदावर काढा, वर बटर पेपर ठेवा, वितळवलेलं कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं, सहज घट्ट होणारं) कोनात भरून त्यावरून गिरवा, १० मिनिटं फ्रिजमध्ये आणि मग सोडवून अलगद केकवर. वरची रेघ जाड ठेवलीत तर अख्खं नाव एकसंध निघतं, कारण आपली अक्षरं तिला लटकलेली असतात, इंग्रजी कॅपिटलमध्ये लिहिलं तर एकेक अक्षर सुटं उचलावं लागतं. फक्त अनुस्वाराचा टिंब आणि उकार कुठेतरी चिकटलेले हवेत, नाहीतर ते पेपरवरच राहतात. पांढऱ्या चॉकलेटला रंग द्यायचा तर तेलातला रंग घ्या, साध्या जेलमधल्या पाण्याने चॉकलेट गोळा होतं.

बॉर्डर सगळ्यात शेवटी आणि जेमतेम, नाव हीच सजावट आहे. १एम (चांदणीच्या तोंडाच्या मोठ्या) नोझलची चार फुलं एका बाजूला पुरे.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात गार केक बाहेर काढला की वर दव जमतं आणि गडद रंग पांढऱ्यात पाझरतात, म्हणून केक डब्यात ठेवा आणि लाल-काळ्या अक्षरांचं काम त्याच दिवशी करा. आणि आपल्याकडे आधी औक्षण, मग फोटो, मग कुणीतरी मावशी अजून रिक्षात आहे म्हणून थांबणं असतंच, तर औक्षण झाल्यावरच केक बाहेर आणा, आणि मेणबत्त्या कडेला खोचा, नावात नको.