कुलाबा किल्ल्याला पायी जाताय? नदीकाठच्या माणसांनो, या चुका टाळा

वर्धा नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला पाण्याचं भेव नसतं. पूर आला, ओसरला, की दगडांवर पाय देत पैलतीर गाठायचा. दिवाळीनंतर गावातले आम्ही अकरा जण अलिबागला गेलो, तेव्हा नेमकी हीच सवय अंगाशी आली.

अलिबागसमोरच्या छोट्या खडकाळ बेटावर कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला. ओहोटीला तिथं चालत जाता येतं. आम्ही बारा वाजता निघालो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. दीड-पावणेदोनला परतायला लागलो, तर बायकांच्या खोचलेल्या साड्या मांडीपर्यंत भिजल्या. घोडागाडीवाल्या एका दादांनी लांबून हात करून आम्हाला मागं फिरवलं. मग होडीनं आलो.

पहिली चूक, तिथी न पाहता जाणं. कॅलेंडर तर आपल्या भिंतीवर असतंच. कोकणातला ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. आम्ही षष्ठीला गेलो होतो, म्हणजे साडेदहाला ओहोटी संपून पाणी भरायला लागलं होतं. पायी जायला तृतीया ते पंचमी चांगली, कारण ओहोटी सकाळी येते आणि पाणीही बरंच खाली जातं. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, ते फारसं उतरतच नाही. हा ठोकताळा दिवस ठरवण्यापुरता. नेमकी वेळ किनाऱ्यावर विचारा, ओहोटी पूर्ण होण्याआधी निघा आणि पाणी वळायच्या आत परता. पावसाळ्यात पायी जाऊच नका.

दुसरी चूक, पायाखालचा खडक कोरडा आहे म्हणून निर्धास्त राहणं. नदीचं पाणी वरून येतं, ते दिसतं. इथं आपण बेटाच्या उंच खडकावर फोटो काढत असतो, आणि किनारा व बेट यांच्यामधला सखल पट्टा आपल्या पाठीमागं भरत असतो.

चपलांचंही तसंच. स्लिपर घालून हिरव्या शेवाळावर पाय दिला की घसरलाच. माझ्या पुतण्यानं चपला हातात घेतल्या आणि अनवाणी निघाला. खडकाला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची कड ब्लेडसारखी. टाच कापली, आणि पोट्ट्याला ते कळलं पाण्यात रक्त दिसल्यावर. मागं पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. जखम झालीच तर लगेच हळद दाबू नका. पिण्याच्या पाण्यानं धुवा, आत शिंपल्याचा तुकडा राहिला का ते पाहा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

खेकडा बघायला दगड उलटला तर तसाच परत ठेवा, त्याखाली जिवांचं घर असतं.

आणि अडकलातच, तर हात धरून साखळी करून पाण्यात उतरू नका. आपण पुरात करतो तसं इथं चालत नाही, लाट बाजूनं मारते. किल्ल्यात उंचावर थांबा, होडीवाल्याला हाक द्या, कोणी दिसेना तर ११२ लावा. सहा-सात तासांत पाणी पुन्हा उतरतं, पण तोवर अंधार पडत असेल तर रात्री चालत निघू नका. म्हणून पिण्याचं पाणी आणि पोरांसाठी चार दशम्या सोबत असू द्या.